जेल रोडचं टेबल आणि साखरेचा आकडा

ते माझ्याकडे साखरेसाठी आलेच नव्हते. चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलला, तरी सर्किट बोर्डावरची बारीक अक्षरं धूसरच दिसतात, ही त्यांची तक्रार. चष्मेवाल्यानेच म्हटलं, "एकदा शुगर बघून घ्या." उपाशीपोटी १८६, जेवणानंतर २९१, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९. डोळ्यांचं कोडं तिथेच सुटलं. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, आकसतं, आणि नंबर एका जागी ठरत नाही.

इंदूरमधल्या रामबागेतलं हे कुटुंब मला बारा वर्षांपासून माहीत आहे. नाव देत नाही. समोर दादा म्हणतो, इथेही तेच म्हणेन. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान, चोवीस वर्षांपासून. दारू नाही, तंबाखू नाही. आई-वडिलांना मधुमेह नव्हता. एवढं ऐकल्यावर कोणीही विचारेल की या माणसाला साखर झाली कशी. तो प्रश्न त्यांच्या मुलीने विचारला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"काका, बाबा रोज जुने टीव्ही उघडतात. त्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून जी रसायनं घालतात ती इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना त्रास देतात, असं वाचलं मी. त्यामुळेच झालं का हे?"

वहिनी म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांना काम करू दे." पण प्रश्न चुकीचा नव्हता. चूक माझी होती. बारा वर्षांत मी या माणसाला सर्दी, ताप, पाठदुखी सगळ्याची औषधं दिली. दिवसभर हात कशात असतात, हे एकदाही विचारलं नाही. कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात "दुकान" एवढंच लिहिलेलं होतं. ते माझंच अक्षर.

उत्तराला मात्र मी घाई केली नाही. रसायनाचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि साध्या, ठाऊक असलेल्या गोष्टी मागे पडतात. सडपातळ माणसाला चाळिशीनंतर मधुमेह झाला तर आधी पाहायचं की हा कोणता मधुमेह. शरीर स्वतःच इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करत असेल तर गोळ्यांवर फार दिवस निभत नाही. म्हणून तो हल्ला दाखवणारी जीएडी अँटिबॉडी तपासली. ती नकारात्मक आली. स्वादुपिंडात खडे असल्याने होणारा मधुमेह आपल्याकडे दिसतो, म्हणून सोनोग्राफी केली, खडे नव्हते. गुडघेदुखीवर कोणाकडून "पावडर" घेतली का, हे मी दोनदा विचारलं. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड असतं आणि साखर चढते. घेतली नव्हती. टीएसएच २.८, म्हणजे थायरॉइड ठीक. उपाशीपोटी सी-पेप्टाइड १.१, म्हणजे इन्शुलिन बनत होतं, पण एवढ्या साखरेसमोर ते तोकडं पडत होतं.

कंबर मात्र ८८ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेषा ९० मानतात, म्हणजे काठावरच. हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचा फोटो आणि आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखे असले तरी आत फरक दुपटीहून जास्त. दादांचा बीएमआय २१.६ आहे म्हणून "यांना मधुमेहाचं काही कारणच नव्हतं" असं मला म्हणता येत नव्हतं. दिवसभर स्टुलावर बसणं, संध्याकाळी कचोरी, रात्री साडेदहाला जेवण, आणि आपल्या लोकांची ही लपलेली चरबी. एवढी कारणं तर समोरच होती. मुलीला मी आधी हेच सांगितलं. तिचा चेहरा पडला. मी विषय टाळतोय असं तिला वाटलं असावं.

म्हणून पुढच्या मंगळवारी दुपारी मी दुकानात गेलो.

दुकान आठ फूट बाय बारा. मागच्या भिंतीला जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही छतापर्यंत रचलेले; काही दुरुस्तीला आलेले, काही सुटे भाग काढण्यापुरते. दादांनी एकाचं मागचं झाकण उघडलं. आत काळी, चिकट धूळ होती, बोटाला काजळीसारखी लागणारी. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षं धूळ ओढून घेते, आणि आतल्या उष्णतेत ती धूळ बेकरीच्या तव्यावरच्या राखेसारखी बसून जाते. दादांनी सवयीने ब्लोअर घेतला, तोंड बाजूला वळवलं आणि सोडला. दुकानात ढग उठला. उन्हाच्या पट्ट्यात ते कण किती तरी वेळ तरंगत होते. मग त्यांनी हॉट एअर गनने बोर्डावरचा आयसी उपटला, तेव्हा गोडसर, घशाला लागणारा वास आला. तेवढ्यात शेजारचा मुलगा कागदात पोहे घेऊन आला, वर शेव आणि जिरावण. दादांनी पँटला हात पुसले आणि त्याच टेबलावर, त्याच बोटांनी पोहे खायला घेतले.

चोवीस वर्षं. दिवसातून दोन वेळा.

या धुळीत काय असतं? टीव्हीचं मागचं झाकण आत ठिणगी पडली तरी भडकू नये म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक मिसळत. सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते डेकाबीडीई. अशा झाकणांमध्ये ते वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त असू शकतं. मुद्दा असा की ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, पुरणात वेलची असावी तसं नुसतं मिसळलेलं असतं. प्लास्टिक झिजलं, तापलं, तुटलं की ते सुटतं आणि धुळीला चिकटतं. हिरव्या सर्किट बोर्डात टीबीबीपीए नावाचं दुसरं रसायन असतं. ते बहुतेक करून रेझिनच्या साखळीतच गुंफलेलं असतं, म्हणून एरवी कमी सुटतं. बोर्ड तापवला किंवा जाळला की गोष्ट वेगळी. सोफ्यांच्या फोममध्ये डेकाच्याच कुळातलं पेंटाबीडीई असे, मुख्यतः अमेरिकेत, कारण कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या नियमाने फोमला उघड्या ज्योतीची चाचणी लावली होती. तो नियम २०१३ मध्ये बदलला. आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्यांवर तसा दबाव नव्हता, म्हणून तिकडचे घरगुती आकडे उचलून इंदूरच्या घराला लावणं मला पटत नाही. दादांचं टेबल मात्र घर नव्हे. त्याच्या जवळची तुलना स्वीडनमध्ये आहे.

१९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तीन गटांचं रक्त तपासलं: जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं तोडणारे कामगार, कॉम्प्युटरवर काम करणारे कारकून आणि हॉस्पिटलमधले सफाई कर्मचारी. पीबीडीई म्हणजे याच कुळातली रसायनं. ती तोडणी कामगारांच्या रक्तात बाकीच्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडली. म्हणजे धूळ टेबलावरच राहत नाही, रक्तात जाते. एवढं नक्की.

पुढची पायरी, रक्तातून बीटा पेशीपर्यंतची. इथे मी मुलीला माझ्या खोलीत बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं.

स्वादुपिंडात सुमारे दहा लाख छोटी बेटं विखुरलेली असतात. सगळी एकत्र केली तरी वजन एक-दोन ग्रॅम. त्यातल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत चाखत असतात. साखर पेशीत शिरते, तिथे जळते, त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. एटीपी वाढलं की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, विजेचा दाब बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्शुलिनच्या पुड्या बाहेर पडतात. दादा शेजारी ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे व्होल्टेज बदललं की रिले पडतो." अगदी तसंच. ही पेशी नाजूकही असते. जळण्यातून निघणारे हानिकारक ऑक्सिजन कण निष्प्रभ करणारी यंत्रणा यकृताच्या पेशीत मुबलक असते, बीटा पेशीत फारच थोडी.

"मग ही रसायनं तिला मारतात ना?" मुलीने विचारलं.

इथेच बातम्या घाई करतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या बीटा पेशींच्या एका प्रयोगशाळेतल्या वाणावर पीबीडीई कुळातले दोन रेणू, बीडीई-४७ आणि बीडीई-८५, घातले. पेशी मेल्या नाहीत. उलट त्यांनी जास्त इन्शुलिन सोडलं. या रेणूंचा आकार थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळताजुळता आहे. ते पेशीतल्या थायरॉइडच्या ग्राहीला जाऊन चिकटतात आणि आक्ट नावाच्या प्रथिनाच्या वाटेने इन्शुलिनचा नळ जास्त उघडतो. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण गरज नसताना वर्षानुवर्षं इन्शुलिन जास्त सुटत राहिलं, तर शरीर त्याला दाद देईनासं होऊ शकतं आणि पेशीही थकू शकते. "होऊ शकतं" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. काही दिवसांच्या पेशींच्या प्रयोगातून चोवीस वर्षांच्या माणसापर्यंत उडी मारायला मधले पूल लागतात.

एक पूल प्राण्यांचा आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने गाभण आणि पाजणाऱ्या उंदरिणींना पेंटाबीडीईचं जुनं व्यापारी मिश्रण कमी मात्रेत दिलं. त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांची उपाशीपोटीची साखर चढलेली होती आणि दिलेलं ग्लुकोज त्यांना नीट हाताळता येत नव्हतं. त्या मुलींना स्वतःला रसायन दिलेलं नव्हतं. ते आईच्या पोटातून आणि दुधातून आलं होतं. हा प्रयोग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. का, ते पुढे येईल.

दुसरा पूल माणसांचा, आणि तो डळमळीत आहे. अमेरिकेच्या २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत याच कुळातलं बीडीई-१५३ आणि मधुमेह यांचा संबंध दिसला, पण सरळ चढत्या रेषेत नाही: मधल्या पातळीला जास्त, सगळ्यात वरच्या पातळीला पुन्हा कमी. फ्रान्समध्ये ७१ हजारांहून जास्त स्त्रियांचा सुमारे दोन दशकं पाठपुरावा झाला. अन्नातून एचबीसीडी नावाचं ज्वालारोधक जितकं जास्त जात असल्याचा अंदाज, तितका मधुमेह जास्त; पीबीडीईचा संबंध तिथेही वाकडातिकडाच. आणि ते मोजमाप रक्तातलं नव्हे, आहाराच्या प्रश्नावलीवरून काढलेला अंदाज.

उलट बाजूही सांगायला हवी. १९७३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात गुरांच्या खाद्यात चुकून पीबीबी हे ज्वालारोधक मिसळलं गेलं. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या ऐवजी भलत्याच पोत्यांतला माल गेला, आणि दूध, मांस, अंडी यांतून ते लाखो लोकांच्या पोटात पोहोचलं. त्या लोकांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला तेव्हा पीबीबीचा मधुमेहाशी संबंध आढळला नाही. स्त्रियांमध्ये जो आढळला तो पीसीबी या वेगळ्या रसायनाचा.

शिवाय ही रसायनं चरबीत साठतात. ज्याची चरबी जास्त त्याच्या शरीरात त्यांचा हिशोब वेगळा लागतो, आणि चरबी हेच मधुमेहाचं मोठं कारण. कोणी कोणाला ओढलं, हे वेगळं काढणं अवघड जातं.

तर मुलीला मी जे उत्तर दिलं ते असं: "बाबांचा मधुमेह या धुळीमुळे झाला, असं मी लिहून देऊ शकत नाही. धुळीचा काही हात नाही, असंही लिहून देऊ शकत नाही. एका माणसाकडे बघून हे ठरवता येतच नाही. पण धूळ शरीरात जाते हे सिद्ध आहे, ती इन्शुलिनच्या यंत्रणेत ढवळाढवळ करते याला प्रयोगांचा आधार आहे, आणि ती थांबवणं आपल्या हातात आहे." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाही म्हणत नाही आहात." नाही म्हणत नव्हतोच.

तिला रक्तात ही रसायनं तपासून घ्यायची होती. मी नको म्हटलं. डेकाबीडीईचा मुख्य रेणू शरीरातून साधारण पंधरा दिवसांत निम्मा होतो, तर बीडीई-१५३ सारखे काही वर्षानुवर्षं राहतात. एका नमुन्यावरून चोवीस वर्षं वाचता येत नाहीत, आणि आकडा काहीही आला तरी औषध बदलत नाही. तेच पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर खर्च झाले, आणि माझ्या मते योग्य जागी झाले.

औषधात नवल काही नाही: मेटफॉर्मिन, हळूहळू वाढवत. रात्रीचं जेवण आठला. डब्यात पोळ्या दोनच, सोबत मुगाची उसळ. दुकान बंद करून घरी पायी. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी महिन्यातून दोनदाच करण्याचं कबूल केलं. एकादशीवरून थोडी तणातणी झाली, मग राजगिऱ्यावर तडजोड झाली.

कामाच्या बाबतीत जास्त वेळ गेला, कारण तिथे दादांचा हात बसलेला. सुरुवातीला ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ब्लोअर सोडला तर काम कसं होणार?" आम्ही एकेक सवय घेतली. ब्लोअर दुकानात चालवायचा नाही. उघडलेला सेट गच्चीवर न्यायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, तोंडाला एन-९५. बाहेरची धूळ आधी ओल्या फडक्याने टिपायची; ट्यूबचा साठलेला चार्ज काढल्याशिवाय ओलं फडकं आत घालायचं नाही, हे मला त्यांनीच बजावलं. कोरडा झाडू बंद, फरशी ओल्या पोछ्याने. हॉट एअर गनच्या मागे एक्झॉस्ट पंखा, नळी थेट रस्त्याकडच्या जाळीतून वर. तांब्यासाठी वायर जाळायची नाही; ही सवय त्यांची नव्हती, शेजाऱ्याची होती, पण धूर सगळ्यांचाच. आणि पोहे बाहेरच्या पायरीवर, साबणाने हात धुतल्यावर. पँटला पुसून नव्हे.

एवढ्याने काही फरक पडतो का, हे त्यांनी विचारलं आणि विचारायलाच हवं होतं. स्वीडनमध्ये त्याच तोडणी कारखान्यात हवा आणि स्वच्छतेची व्यवस्था सुधारल्यावर पुन्हा रक्त तपासलं. जास्त ब्रोमीन असलेल्या, म्हणजे टीव्हीच्या झाकणांतून येणाऱ्या जातींची पातळी कामगारांमध्ये उतरलेली होती. न्यूयॉर्कमध्ये काही आयांना आठवडाभर हात वारंवार धुवायला किंवा घर ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं, तेव्हाही ज्वालारोधकांच्या खुणा कमी झाल्या. साबण आणि पोछा. याहून स्वस्त उपाय माझ्या पेशात क्वचित मिळतो.

कायद्याचं थोडक्यात. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पीबीडीईची पेंटा आणि ऑक्टा मिश्रणं २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये आणि डेका २०१७ मध्ये बंदीच्या यादीत घातली. भारत सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये या करारातल्या सात रसायनांना मान्यता दिली. त्यांत पेंटा, ऑक्टा, एचबीसीडी होती, डेका नव्हतं. आपल्या ई-कचरा नियमांत नव्या उपकरणांसाठी पीबीडीईची मर्यादा ०.१ टक्का आहे. दादांच्या भिंतीला रचलेले टीव्ही मात्र त्या सगळ्याच्या आधीचे. नियम कारखान्याच्या दाराशी लागतो. जुना माल आणखी कित्येक वर्षं अशाच दुकानांतून फिरत राहणार.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१, नऊ महिन्यांनी ६.५. वजन ५९, कंबर ८४. चष्म्याचा नंबर स्थिर. यातलं किती मेटफॉर्मिनचं, किती आठच्या जेवणाचं, किती पोछ्याचं, हे मला वेगळं सांगता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर बरंचसं पहिल्या दोघांचं. धूळ थांबवल्याचा फायदा झाला असेल तर तो असा तीन महिन्यांच्या आकड्यात दिसणारा नाही.

या सगळ्यात एक माणूस सुटून जात होता. दुकानात एक बावीस वर्षांचा मदतनीस आहे. दुसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, तेव्हा कळलं की त्याची बायको पाच महिन्यांची गरोदर आहे आणि त्याचे कामाचे कपडे तीच, हाताने, घरातल्या कपड्यांबरोबर धुते. उंदरिणींचा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर आला. तिला मधुमेहाचा धोका किती वाढतो, हे सांगणारा आकडा माझ्याकडे नाही, आणि तिला घाबरवायचंही नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं की कपडे दुकानातच बदल, वेगळ्या बादलीत स्वतः धू, घरी गेल्यावर आधी आंघोळ कर आणि मगच आत जा. बायकोची ग्लुकोजची तपासणी झाली का, विचारलं. झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सासूबरोबर आली, ग्लुकोज पिऊन दोन तास बाकावर बसली. रिपोर्ट ठीक आला.

दादांच्या दुकानात आता दाराजवळ दोन खुंट्या आहेत, एकीवर कामाचे शर्ट, दुसरीवर घरचे. खाली निळी बादली. भिंतीला रचलेल्या टीव्हींपैकी निम्मे त्यांनी परवानगी असलेल्या ई-कचरावाल्याला देऊन टाकले. उरलेले देत नाहीत. म्हणतात, यांचे पार्ट अजून लागतात. मुलगी दर वेळी त्यावरून वाद घालते. मी तिच्या बाजूने आहे, पण दुकान त्यांचं आहे. माझ्याकडच्या कार्डावर व्यवसायाच्या रकान्यात "दुकान" खोडून मी लिहिलं आहे: टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्ती, २४ वर्षं, धूळ, सोल्डरचा धूर. पुढची एचबीएवनसी जूनमध्ये.